ड्रोनची पाती हवेत कमी आणि पिशवीतच जास्त मोडतात

लग्नाचं शूट आटपून रात्री घरी आले, कार्ड लॅपटॉपला लावलं आणि पोटात गोळाच आला. समुद्राकडून मांडवावर येणारा सगळा शॉट जेलीसारखा थरथरत होता. माडांची सरळसोट खोडं नागमोडी हलत होती, मांडवाचे खांब डुलत होते. वधूपक्षाने त्या एका शॉटसाठी ड्रोनचे वेगळे पैसे दिले होते.

गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरून ठेवणारा भाग गेला, असं मी ठरवूनच टाकलं. पुढचे तीन आठवडे गिंबलच्याच मागे होते. कॅलिब्रेशन चार वेळा केलं, त्याचे रबर तपासले, यूट्यूबवर रात्री जागवल्या. शेवटी ड्रोन घेऊन कोल्हापूर गाठलं. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्याने ड्रोन चालूसुद्धा केला नाही. आठही पात्यांवरून नख फिरवलं, त्यातलं एक खिडकीच्या उजेडात धरलं आणि बुडाशी असलेली केसाएवढी पांढरी रेघ मला दाखवली. म्हणाला, "ताई, हे उडताना नाही झालं. पिशवीत दबलंय."

खरं होतं. गाडीच्या डिकीत ड्रोनची पिशवी खाली आणि तिच्यावर ट्रायपॉड, असा माझा रत्नागिरी ते गणपतीपुळे प्रवास कितीदा तरी झाला होता. तेव्हापासून मी पात्यांकडे जसं बघते, जशी ती पुसते, बदलते आणि ठेवते, ते इथे लिहिते आहे. बाबांचा फोटो स्टुडिओ आता मी चालवते. रोलचा जमाना त्यांचा, ड्रोनचा माझा. ड्रोन डीजेआय कंपनीचा मिनी 2, घडीचा, अडीचशे ग्रॅमच्या आतला. तुमचा दुसरा असला तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील. जिथे फरक पडतो तिथे सांगेनच.

आधी पातं समजून घ्या

मिनीला चार मोटरी, प्रत्येक मोटरीवर दोन पाती आणि प्रत्येक पात्याला एक स्क्रू. म्हणजे आठ पाती, आठ स्क्रू. पातं त्या स्क्रूभोवती बिजागरीसारखं मोकळं असतं. मोटर फिरली की ते बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि आपोआप सरळ होतं. म्हणून उडवण्याआधी पाती एका रेषेत लावत बसायची गरज नसते, पण ती मोकळी फिरायला हवीत ही गरज मोठी.

ही पाती मिनिटाला हजारो फेरे मारतात. फेरे दुप्पट झाले की पात्याच्या बुडाला बसणारी ओढ चौपट होते. म्हणून पात्याच्या टोकाला पडलेली खोच दिसायला वाईट असली, तरी खरी भीती बुडाशी गेलेल्या चिरेची. टोकाचा कपचा उडाला तर ड्रोन कुरकुरत, थरथरत घरी येण्याची शक्यता तरी असते. पातं बुडातून निघालं तर उरलेल्या तीन मोटरींवर त्याला तोल सावरता येत नाही.

आणि जोडीतलं एक पातं किंचित जरी वाकलेलं असलं, तरी तो असमतोल दर फेऱ्याला मोटरीला एक धक्का देतो. हजारो धक्के मिनिटाला. ते मोटरीच्या बेअरिंगला जातात, ड्रोनच्या हातातून, म्हणजे मोटर ज्यावर बसते त्या दांडीतून, गिंबलपर्यंत जातात आणि कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपत असल्याने माडाचं खोड नागमोडी दिसतं. माझा शॉट असा वाया गेला होता.

मिटताना

सगळ्यात जास्त पाती इथे खराब होतात, म्हणून इथे जरा थांबते.

मिनी 2 उघडताना पुढचे हात आधी आणि मागचे नंतर. मिटताना याच्या उलट, मागचे आधी आणि पुढचे नंतर. नंतरच्या काही मॉडेलांना हा क्रम वेगळा आहे, तेव्हा आपल्या माहितीपुस्तिकेतलं चित्र एकदा बघून घ्या. क्रम चुकला तर हात अडतो, आपण जोर करतो आणि तो जोर मध्ये सापडलेल्या पात्यावर जातो.

हात मिटण्याआधी प्रत्येक मोटरीवरची दोन्ही पाती बोटाने फिरवून हाताच्या लांबीला समांतर करा. मग हात मिटा. मिटल्यावर ड्रोन उलटासुलटा करून बघा: कुठलं पातं अंगाबाहेर डोकावतंय का, कुठलं हात आणि अंगाच्या फटीत दबलंय का, कुठलं कॅमेऱ्याच्या वाटेत आलंय का. पहिले काही दिवस हे वेळखाऊ वाटतं. नंतर साडीच्या निऱ्या घालाव्यात तसा हाताला सराव होतो.

मग पट्टा. प्रोपेलर होल्डर नावाने सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा बाजारात मिळतो, तो घ्यावा. मिळेपर्यंत शिंप्याकडचं बोटभर रुंद इलॅस्टिक ड्रोनभोवती सैलसर बसेल असं शिवून घ्या. मी वर्षभर तेच वापरलं. पट्ट्याचं काम पाती फडफडू न देण्याचं आहे, ती आवळून बांधायची नाहीत. पट्टा काढल्यावर पात्यावर दाबल्याची खूण दिसली तर तो घट्ट आहे. भाजीच्या जुडीचा रबर मात्र लावू नका. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो चिकट होऊन पात्यावर पाघळतो आणि मग खरवडून काढताना आपणच पातं खराब करतो.

पट्ट्याला मी लाल सॅटिनची हातभर फीत शिवली आहे. हसू नका. मुहूर्ताच्या गडबडीत पट्टा न काढताच ड्रोन चालू करणारे मी पाहिले आहेत, त्यात एकदा मीही होते. मोटर अडते, चिर्रर्र आवाज येतो आणि काळजाचं पाणी होतं. फीत लोंबत असली की विसरायला होत नाही.

पिशवीत ड्रोनवर काहीही ठेवायचं नाही. बॅटऱ्या नाही, चार्जर नाही, बिस्किटाचा पुडाही नाही. ट्रायपॉड वेगळा. आणि पिशवी उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही. एप्रिल-मेमध्ये काचा बंद गाडीतलं तापमान 60 अंशांच्या पुढे जातं. प्लॅस्टिक त्या उष्णतेत वितळत नाही, पण मऊ पडतं, आणि दाबाखाली असेल तर हळूहळू त्या आकाराचं होतं. संध्याकाळी गार झालं की तोच वाक कायमचा. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा, पण मोटरीला कळतो.

ड्रोन उचलताना अंगाला धरून उचला, पात्यांना नाही. वऱ्हाडातली लहान मुलं पहिला हात पात्यालाच घालतात. त्यांना मी बंद ड्रोन हातात देते आणि कुठे धरायचं ते दाखवते. लपवलं की जास्त ओढाओढ होते.

नख, टॉर्च आणि काच

प्रत्येक उड्डाणाआधी दोन मिनिटं. बॅटरी काढलेली असताना. हे लिहिलं नाही तर कुणीतरी चालू ड्रोनवर नख फिरवेल.

अंगठ्याचं नख पात्याच्या दोन्ही कडांवरून बुडापासून टोकापर्यंत न्या. डोळ्याला न दिसणारी खोच नखाला अडते. पुढची कड, म्हणजे फिरताना जी हवा कापते ती, जास्त बारकाईने बघा. मागची कड मुळातच पातळ असते, तिथे चीर पडली तर ती आडवी आत घुसते.

मग पातं मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. बुडाशी, स्क्रूच्या भोकाभोवती बघा. प्लॅस्टिक मर्यादेबाहेर वाकलं की तिथे पांढुरकी रेघ उमटते. वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर दुमडल्यावर घडीवर पांढरं पडतं, तसंच. ती रेघ दिसली की पातं गेलं. बाकी कितीही नवंकोरं दिसत असो.

महिन्यातून एकदा मी पाती काढून टेबलाच्या काचेवर जोडीने ठेवते. एका मोटरीची दोन पाती शेजारी शेजारी, एकाच बाजूने. दोघांचं टोक काचेपासून सारखंच उचललेलं हवं. एक खाली बसलं आणि एक वर राहिलं तर जोडी बिघडली. डोळा काचेच्या पातळीला आणून बघावं लागतं, आईला वाटतं माझं काहीतरी पडलंय.

शेवटी बिजागरी. ड्रोन आडवा धरून हलकेच हलवला की पाती आपल्या वजनाने अलगद फिरायला हवीत. अडखळत असेल तर आत वाळू आहे, केस आहे किंवा स्क्रू तिरका बसला आहे. उलट पातं वरखाली लटलट हलत असेल तर स्क्रू सैल आहे.

माझ्या मदतीला येणारा पोरगा पहिल्यांदा म्हणाला, "ताई, एवढ्याशा खोचेला काय होतंय?" मी म्हटलं, "काही होत नाही. पण हाच ड्रोन तुझ्या आजीच्या डोक्यावर उडवशील का?" त्याने गुपचूप स्क्रू ड्रायव्हर आणला. माणसांच्या डोक्यावर तसाही उडवायचा नसतोच, पण मुद्दा त्याला कळला.

खोच पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करणारे आहेत. मोठ्या पात्यांवर, तराजूसारखा बॅलन्सर हाताशी असणारे जाणकार ते करत असतील. मिनीच्या पात्याला घासलं की त्याचा आकार आणि वजन दोन्ही जोडीदारापासून वेगळं होतं, म्हणून मी करत नाही. फेविक्विकने चीर चिकटवणं, वाकलेलं पातं गरम पाण्यात बुडवून सरळ करणं, हे तर सोडूनच द्या. पातं ही झिजणारी, बदलायची वस्तू आहे. मिक्सरच्या भांड्याचा वायसर बदलतो तसं.

खारं वारं, काळी वाळू आणि कुसळं

आमच्या गावाच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा. पाहुण्यांना काळ्या वाळूवर सूर्यास्ताचा शॉट हवाच असतो. ती वाळू काळी दिसते ती इल्मेनाइटसारख्या लोहयुक्त खनिजांमुळे. रत्नागिरीच्या किनाऱ्याला ती भरपूर आहेत. मुलांचं खेळण्यातलं चुंबक त्या वाळूत फिरवा, त्याला दाढी फुटते. आता ड्रोनच्या मोटरीत काय असतं? चुंबकच, आणि तेही चांगलंच जोरकस. मिनीसारखा बुटका ड्रोन वाळूवरून थेट उडवला की पात्यांच्या वाऱ्याने वाळू उडते, पात्यांच्या पुढच्या कडेवर आपटते आणि त्यातले काळे कण मोटरीत जाऊन बसतात ते निघायचं नाव घेत नाहीत.

म्हणून वाळूवरून उडवायचंच नाही. घडीचं लँडिंग पॅड असतं ते अंथरा आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, नाहीतर पॅडच उडून पात्यांत येईल. पॅड नसेल तर चटई, तीही नसेल तर बंधाऱ्याचा सपाट भाग. हातावर उतरवणारे बरेच आहेत. मीही नाइलाजाने उतरवला आहे, पण बोटांवर दोन बारीक पांढऱ्या खुणा अजून आहेत, तेव्हा सल्ला देणार नाही.

मोटर हाताने फिरवून कानाशी धरा. करकर आवाज आला तर आत कण आहेत. कॅमेऱ्याच्या लेन्सला मारायचा रबरी ब्लोअर वापरा, ड्रोन उलटा धरून. दिसणारा कण दुतर्फा चिकटपट्टीच्या टोकाने उचलता येतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ती कण आणखी आत ढकलते. मोटरीत तेलही सोडू नका. तेलावर उद्या वाळू चिकटून तिचा लेप होतो.

समुद्राजवळ वाळू नसली तरी मीठ असतंच. उतरल्यावर पात्यावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि स्क्रू गंजवायला सुरुवात करतं. त्यामुळे समुद्रावरून आल्यावर, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी, चष्मा पुसायचं मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून कडकडीत पिळायचं. एका हाताच्या दोन बोटांनी पात्याचं बूड आधाराने धरायचं आणि दुसऱ्या हाताने बुडाकडून टोकाकडे पुसायचं. टोकाकडून बुडाकडे पुसलं तर पातं दुमडतं आणि बिजागरीवर ताण येतो. खालची बाजू विसरू नका, घाण तिथेही असते. मग कोरड्या फडक्याने एक हात आणि पंख्याखाली अर्धा तास सावलीत. उन्हात वाळवायला ती आंबापोळी नाही. ऊन प्लॅस्टिकला ठिसूळ करतं.

पाण्यापलीकडे काही लागत नाही. कडेवर चिलटं चिकटून वाळली असतील, संध्याकाळी दिव्यांच्या आसपास उडवला की चिकटतातच, तर ओलं फडकं त्यांच्यावर मिनिटभर ठेवून द्या, आपोआप सुटतात. फारच झालं तर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण, यातलं काही नको. त्याने प्लॅस्टिकवर जाळीसारख्या चिरा पडू शकतात. हँड सॅनिटायझरही मी पात्यांना लावत नाही.

तिसरं दुखणं सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावरचं. कातळशिल्पं बघायला येणाऱ्यांबरोबर मी सड्यावर जाते. डिसेंबरनंतर तिथलं गवत वाळून कुसळं सुटतात. ड्रोन गवतात उतरवला की कुसळ बिजागरीत शिरतं, आणि त्याला उलटे काटे असल्याने ते आतच सरकत जातं. पातं अर्धवट उघडतं आणि उडताना एकाच मोटरीकडून वेगळा आवाज येतो. हे मला दोनदा झालं आहे. चिमट्याने ओढू नका, तुटून आत राहतं. स्क्रू काढा, पातं बाजूला करा, कुसळ अखंड काढा. आणि तो स्क्रू परत लावताना पुढचा भाग वाचा.

बदलताना

टेबलावर पांढरा टॉवेल अंथरा. स्क्रू एवढे बारीक की फरशीवर पडला तर झाडूने सगळी खोली झाडावी लागते. बॅटरी काढा. हो, परत सांगते आहे.

मिनीच्या पाकिटात दोन प्रकारची पाती येतात, खूण असलेली आणि खूण नसलेली. ज्या हातांवर खूण आहे त्या मोटरींना खूणवाली पाती, उरलेल्यांना बिनखुणेची. शेजारच्या मोटरी एकमेकींच्या उलट फिरतात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या एकाच दिशेने, म्हणून ही भानगड. उलटसुलट लावली तर ड्रोन उडत नाही, जागच्या जागी कोलांटी मारतो आणि नवी पाती पहिल्याच सेकंदाला जमिनीवर घासतात. माझी युक्ती अशी की एका वेळी एकाच मोटरीचं काम करायचं. जुनं पातं आणि नवं पातं एकावर एक ठेवून वळण जुळतंय का बघायचं, मग पुढची मोटर. आठही एकदम काढून ठेवली की गोंधळ ठरलेला.

एक पातं खराब झालं तरी त्या मोटरीची दोन्ही बदलायची, आणि दोन्ही एकाच पाकिटातली. जुन्याच्या जोडीला नवं लावलं तर वजनात आणि झिजेत फरक राहतो, म्हणजे पैसे घालूनही थरथर कायम. उरलेलं चांगलं पातं टाकवत नाही, मला माहीत आहे. मी त्यावर तारीख घालून वेगळ्या पाकिटात ठेवायचे. दोन वर्षांत त्यातलं एकही वापरलं नाही, शेवटी टाकून दिली.

स्क्रूही नवे. माझ्या पाकिटातल्या नव्या स्क्रूच्या आट्यांवर पातळ रंगीत थर असतो. तो स्क्रूला धरून ठेवतो, आणि एकदा काढला की त्याची पकड कमी होते. त्याऐवजी दुकानातलं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू पकडून ठेवणारं द्रावण, लावू नका. ते धातूला धातू पकडण्यासाठी आहे. ओघळून पात्याच्या प्लॅस्टिकला लागलं तर काही प्लॅस्टिकांना चिरा पाडतं, आणि नेमक्या बुडाशी.

ड्रोनबरोबर आलेलाच स्क्रू ड्रायव्हर वापरा. घड्याळजीकडच्या संचातला जवळपास बसणारा घेतला की स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघतच नाही. स्क्रू आधी बोटाने दोन फेरे बसवा. सहज गेला तर आटे जुळले. अडला तर मागे घ्या आणि परत लावा. मग स्क्रू ड्रायव्हरने शेवटपर्यंत, आणि तिथे किंचित आवळ. मनगटाचा जोर नको, दोन बोटांचा पुरे. पूर्ण आवळल्यावरही पातं मोकळं फिरायला हवं. फिरत नसेल तर काहीतरी तिरकं बसलं आहे. स्क्रू सैल सोडून पातं मोकळं करणं हा उपाय नाही.

मॅव्हिक किंवा एअर मालिकेतल्या बहुतेक ड्रोनना हा खटाटोप नसतो. तिथे पातं दाबून फिरवलं की बसतं. फक्त बसल्यावर वर ओढून बघा आणि मोटरीच्या वर्तुळाचा रंग पात्याच्या रंगाशी जुळवा.

नवी पाती लावल्यावर पहिलं उड्डाण गिऱ्हाइकासमोर नाही. अंगणात किंवा गच्चीवर कंबरेएवढ्या उंचीवर मिनिटभर स्थिर ठेवा आणि ऐका. चारही मोटरींचा सूर एक झालेला असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्यात घरघर वेगळी ऐकू आली तर उतरवा आणि स्क्रू बघा. चांगलं वाटलं तर दोन मिनिटं इकडेतिकडे फिरवून उतरवा, बॅटरी काढा आणि आठही स्क्रू परत एकदा बोटाने तपासा.

पाती विकत घेताना कंपनीचीच घ्या. बाजारात हुबेहूब दिसणारी स्वस्त पाती असतात. त्यांच्या कडेला साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकची बारीक झालर राहिलेली असते, नखाला लगेच कळते. सरावाला कुणी वापरत असेल तर वापरो. सरकारने 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी घातली, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुट्या भागांवर मात्र ती बंदी नाही. म्हणजे पाती मिळतात, पडून फुटलेल्या ड्रोनच्या जागी तसाच दुसरा मिळवणं जड जातं. चार पैसे कुठे वाचवायचे ते यावरून ठरवा.

पात्यांना जाळीचे गार्ड लावावेत का, असं बरेच विचारतात. खोलीत शिकताना जरूर लावा. पण गार्डचं वजन धरलं की मिनी अडीचशे ग्रॅमच्या वर जातो, आणि आपल्या 2021च्या ड्रोन नियमांत नॅनोची, म्हणजे सगळ्यात हलक्या गटाची हद्द तिथेच संपते. वारा असला तर गार्ड शिडासारखं काम करतात, तेही लक्षात ठेवा.

जून ते सप्टेंबर

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. भिंतीला ओल, चपलांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी. ड्रोनला सुट्टी. पावसाची भुरभुर असताना विसर्जनाचा शॉट मागणारे असतात. त्यांना मी नाही म्हणते, मिनीला पाण्यापासून कसलंच संरक्षण नाही.

बाबांनी लेन्सना बुरशी लागू नये म्हणून एक लाकडी कपाट केलं होतं. आत झिरोचा बल्ब कायम चालू. लेन्स पस्तीस वर्षं ठणठणीत राहिल्या. मी पहिल्या पावसाळ्यात मोठ्या विश्वासाने जादा पात्यांची पाकिटं त्याच कपाटात ठेवली, वरच्या कप्प्यात, बल्बला टेकून. गणपतीत काढली तर दोन पाती केळीच्या सालीसारखी वळली होती. बाबा म्हणाले, "अगं, काच आणि प्लॅस्टिक एक का?" तेव्हापासून पात्यांसाठी स्टीलचा डबा.

डबा घट्ट झाकणाचा, तळाला मऊ कापड. ड्रोन पुसून, एक दिवस कोरड्या खोलीत उघडा ठेवून, मगच आत. ओलावा आत कोंडून वर झाकण लावण्यात अर्थ नाही. बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवायच्या, त्यांचं शास्त्र वेगळं. चार महिन्यांसाठी पट्टा काढून ठेवते, कारण इतका वेळ हलकासा दाबही नको. डबा हलणार नाही अशा जागी ठेवला की पट्ट्याची गरजही नाही.

सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या घ्या. निळी असेल तर ओलावा शोषून गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवट. दर पंधरा दिवसांनी झाकण पटकन उघडून रंग बघायचा आणि बदलला असेल तर पुडी बदलायची. पुडीतले दाणे पात्यांना घासतील असे सुटे टाकू नका.

तांदूळ टाकू का, हा आईचा प्रश्न. मोबाइल भिजला की तांदळात घालतात ना. नको. तांदळाची पूड बिजागरीत बसते, आणि जुलैपर्यंत त्यात पोरकिडे होतात. डांबरगोळ्या आणि कापूर तर चुकूनही नको. त्यांची वाफ कपड्यांना चालते, काही प्लॅस्टिक तिने मऊ पडतं.

जादा पाती त्यांच्या मूळ पाकिटात, सपाट, एकावर एक दाबून न ठेवता. पाकिटावर खरेदीची तारीख लिहिते. स्क्रूंसाठी बाबांची जुनी गोळ्यांची डबी आहे, सोमवार ते रविवार सात कप्प्यांची. चार कप्प्यांत चार मोटरींचे दोन दोन स्क्रू, पाचव्यात जादा, सहाव्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक. रविवार रिकामा.

सप्टेंबरअखेर डबा उघडला की सरळ उडवत नाही. नख, टॉर्च, काच, बिजागरी, सगळं पहिल्यापासून. मोटरी हाताने फिरवून बघते. दिवाळीनंतर लग्नांचा हंगाम, म्हणून आठही पाती तेव्हा बदलतेच, जुनी चांगली दिसत असली तरी. ही माझी सवय आहे, कंपनीचा नियम नव्हे. वर्षाला दोन-चारदाच सहलीला उडवणाऱ्याला तेवढी गरज पडणार नाही. वहीत तारीख आणि मोटरीचा क्रमांक लिहिते.

काढलेली पाती कात्रीने मधोमध कापून मगच कचऱ्यात. एकदा न कापता टाकली होती. आठवड्याने माझ्या मदतनिसाने तीच धुऊनपुसून, "ताई, बघा, नवी मिळाली," म्हणून मला आणून दिली.